बोटाला हवेत थांबता येत नाही

माझ्या कामाच्या आयुष्यात एक वही नदीत गेली. सोडली दामोदर गुरुजींनी, रामकुंडापलीकडच्या घाटावर, रीतसर पूजा करून. पण वहीवर ठेवायचा नारळ माझ्या हातात होता, आणि नंतर त्यांच्या घरी पुरणपोळी मी मागून घेऊन खाल्ली होती. त्यामुळे या प्रकरणातून मला अंग काढून घेता येत नाही.

मी वेबसाइट बनवत असे. नाशिकच्या कॉलेज रोडला दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली मिसळीचं हॉटेल, त्यामुळे आमच्या कागदपत्रांनाही तर्रीचा वास यायचा. भागीदार महेश, पिंपळगाव बसवंतचा. तो प्रोग्रामिंग करायचा, मी दिसण्याचं बघायची. लोकांना वाटतं, हे काहीतरी गहन शास्त्र आहे. तसं काही नाही. दुकानाची पाटी रंगवणारा जे करतो तेच आम्ही करत होतो, फक्त आमची पाटी परदेशातून वाचता यायची. गिऱ्हाइकंही तशीच. वणीच्या एका लॉजवाल्यांना वेबसाइट उघडल्याबरोबर देवळातली घंटा वाजायला हवी होती. वाजवून दिली. आठवड्याने फोन आला, "मॅडम, बंद करा ती. आमचा जावई ऑफिसात वेबसाइट उघडतो आणि सगळं ऑफिस हात जोडतं."

तर अशी घंटा वाजवायची किंवा चित्र हलवायचं तर त्या काळी प्लगइन लागायचं. इंटरनेट बघायची जी खिडकी, म्हणजे ब्राउझर, तिला एकटीला फक्त मजकूर आणि स्थिर चित्रं दाखवता यायची. बाकी करामती करायला तिच्यात बाहेरचा एक प्रोग्राम बसवावा लागे. मिक्सरला ज्यूसचं भांडं वेगळं जोडतात ना, तसं. एक प्लगइन तर घरोघरच्या कॉम्प्युटरवर होतं, आणि माझी सगळी विद्या त्या एका प्लगइनची. मी त्यात फुलं उमलवली, द्राक्षांचे घड डोलवले, आणि एक पान उलटवलं. त्या पानाचीच ही गोष्ट आहे.

दामोदर गुरुजी पंचवटीतले तीर्थोपाध्याय. त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं: नाशिकला कुणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आलं की गुरुजी आधी विचारतात, "गाव कोणतं? आडनाव काय?" मग त्या गावाची वही काढतात, आणि तुमचे आजोबा, पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे त्यांच्याच अक्षरात तुमच्यासमोर ठेवतात. मग त्याखाली तुम्ही आपल्या हाताने नाव लिहायचं. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं नाव गुरुजी लिहीत आणि शेजारी त्यांचा अंगठा घेत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एक धिप्पाड पोलीस हवालदार आजोबांची सही बघून ढसाढसा रडत होता, आणि गुरुजी त्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होते, "हात लावू नका. पानाला हात लावू नका."

ते बरोबरच होतं. बागलाणच्या गावांची वही तर इतकी जीर्ण झाली होती की पान उचललं की घडीवर तुटायचं. गुरुजी म्हणाले, "ताई, ही तुमच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवता येईल का?"

मी त्यांच्या घरी जाऊन एकेका पानाचे फोटो काढले. आणि मग माझ्यातली कलावंतीण जागी झाली. नुसते फोटो काय दाखवायचे? मी प्लगइनमध्ये अख्खी वही बनवली. लाल कापडाचं बासन सुटायचं, वही उघडायची. माउसचा बाण पानाच्या कोपऱ्यावर नेला की, अजून क्लिकही केलं नाही तोच, कोपरा किंचित उचलला जायचा, खाली सावली पडायची. क्लिक केलं की जाड जुन्या कागदाचा आवाज करत पान उलटायचं. त्या एका कोपऱ्यावर मी दोन महिने घालवले. तेव्हाचं इंटरनेट मंद, म्हणून पान अडखळू नये यासाठी प्रत्येक फोटो लहान केला. अंगठ्याच्या निळ्या ठशापेक्षा मला कोपऱ्याच्या सावलीची जास्त काळजी होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

गुरुजी चार दिवस आमच्या ऑफिसात बसले. एकेक पान उलटत, ओठातल्या ओठात नावं म्हणत. शेवटच्या पानाला त्यांनी कॉम्प्युटरला नमस्कार केला. म्हणाले, "आमची रीत आहे. नवी वही उतरवून झाली की जुनी गंगेला द्यायची. ही नवी झाली." नाशिककरांना गोदावरी ही गंगाच. ते ती पानं वाचत होते की ओळखत होते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला "थांबा" म्हणता आलं असतं. पण कौतुकाने माणसाची जीभ जड होते. मी नारळ घेऊन घाटावर उभी राहिले. वही पाण्यावर क्षणभर उघडली आणि गेली.

पुढे दोन वर्षांनी पिंपळगावच्या एका पॅकहाउसची फिल्म आली. द्राक्षं धुतात, निवडतात, पेट्या भरतात, त्याचं चित्रण. जागा पुरेना, म्हणून मी एक हार्ड डिस्क मोकळी केली. तिच्यावर गुरुजींच्या वहीचे मूळ मोठे फोटो होते. वही तर तयार आहे, कच्चा माल कशाला ठेवायचा, असं मी म्हणाले आणि ते पुसले.

आणि मग ती टॅब्लेट आली.

परदेशात तिचा केवढा गाजावाजा झाला होता. महेशच्या एका मित्राने तिकडून आणली आणि आठ दिवसांसाठी आम्हाला दिली. खोटं कशाला बोलू, हातात घेतली तेव्हा अंगावर काटा आला. ना बटणं, ना वायर, ना माउस. शाळेच्या पाटीएवढी काच. बोट फिरवलं की आतलं जग बोटाबरोबर सरकायचं. दोन बोटं फाकवली की फोटो जवळ यायचा, जणू आपणच त्याच्याजवळ गेलो. मी दहा मिनिटं फोटो जवळ आणत आणि लांब नेत बसले. 

मग मी तिच्यावर माझी वही उघडली. करडा चौकोन आला. मधोमध एक छोटं चिन्ह, बस्स. टॅब्लेट बनवणाऱ्यांनी माझं प्लगइन घेतलंच नव्हतं, आणि घेणारही नाही म्हणून जाहीर केलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात वादाला तोंड फुटलं ते महिनाभर मिटलं नाही. जगभर हाच वाद चालला होता म्हणे, पण खालून मिसळीचा वास येत असताना तो फक्त आमच्याकडेच चालला असेल.

"मी टीव्ही विकत घ्यायचा आणि त्याने मला सांगायचं की मराठी चॅनेल बघायचं नाही? ही कुठली दादागिरी?" मी म्हणायची.

"अगं विद्या, तुझं प्लगइन लय बॅटरी खातं. मधेच बंद पडतं. व्हायरसला मागचं दार उघडं ठेवतं," महेश म्हणायचा. "त्यांना नाय पाहिजे, विषय संपला."

"सगळ्या जगाच्या वेबसाइट त्यावर आहेत. दोन वर्षांत झक मारत घ्यावं लागेल त्यांना."

"नाय घेणार. लाव पैज."

"लाव. हरलास तर महिनाभर मिसळ तुझ्याकडून."

एक दिवस महेश टॅब्लेट घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "तुझा तो कोपरा, माउस वर आला की उचलला जातो, बरोबर? मग इथं दाखव." त्याने बोट काचेच्या अर्धा इंच वर धरलं. "आता तुझ्या पानाला कसं कळणार की मी वर उभा हाय? बोटाला हवेत थांबता येत नाय, विद्या. बोट एक तर लागतं, नाय तर लागत नाय. तुझं सगळं काम माउसच्या जगातलं हाय."

मी आवाज चढवला. वाद हरताना मी नेहमी हेच करते. त्याने माझ्या दोन महिन्यांच्या कामाला अर्ध्या इंचात हरवलं होतं. आणि खरं सांगायचं तर रागाखाली मला थोडं भारावल्यासारखंही वाटत होतं. माणूस आणि चित्र यांच्यातलं ते अर्ध्या इंचाचं अंतर कुणीतरी काढून टाकलं होतं.

वर्षभरात गुरुजींची मुलगी अनघा परदेशातून आली. वडिलांचे डोळे अधू झाले होते, म्हणून तिने त्यांना तीच टॅब्लेट आणली, अक्षरं मोठी करून वाचता येतील म्हणून. गुरुजींनी पहिली गोष्ट उघडली ती आपली वही. दुसऱ्या दिवशी बापलेक आमच्या ऑफिसात. गुरुजींनी टॅब्लेट उपरण्याच्या टोकाने पुसून माझ्यासमोर ठेवली. करडा चौकोन.

मी आणि महेश सवयीने सुरू झालो. मी म्हणाले, ही कंपनीची मुजोरी आहे, बदलतील. महेश म्हणाला, नाय बदलणार. पाच मिनिटांत आम्ही आवाज चढवून भांडत होतो.  मग गुरुजींनी हात वर केला.

"तुमचं दोघांचं कळलं. एक म्हणतंय पेटी बदलेल, एक म्हणतंय बदलणार नाही. मला एवढंच सांगा ताई, माझी माणसं कुठे आहेत?"

वहीतल्या नावांना ते माणसं म्हणत.

"आहेत की, गुरुजी. कॉम्प्युटरवर दिसतात."

"आणि उद्या कॉम्प्युटरनेही ते तुमचं काय ते, प्लगइन, काढून टाकलं तर?"

तसं होणार नाही, असं मी त्यांना ठासून सांगितलं. पुढे काही वर्षांनी जगातल्या प्रत्येक ब्राउझरने ते प्लगइन काढून टाकलं आणि मी महिनाभर महेशला मिसळ चारली. पण त्या दिवशीही त्या म्हाताऱ्या माणसाने जे विचारलं ते आमच्यापैकी कुणी एकमेकांना विचारलं नव्हतं. आम्ही भांड्यासाठी भांडत होतो. आत काय आहे ते त्यांना एकट्याला आठवत होतं.

प्लगइनची फाइल फोडून आतली चित्रं बाहेर काढणं अवघड नव्हतं, महेशने एका दुपारीत केलं. ती सुटी पानं त्याने टॅब्लेटवर चढवली. बोटाने सरकवायची, बस्स. कोपरा नाही, सावली नाही, आवाज नाही. गुरुजींच्या घरी आम्ही ती दाखवली. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी अनघाने शिकवल्याप्रमाणे एका नावावर दोन बोटं फाकवली.

नाव फुटलं. म्हणजे अक्षर जवळ आलं आणि त्याचे करडे चौकोन झाले. माझ्या मॉनिटरवर, छोट्या खिडकीत जे वही म्हणून खपलं होतं ते या काचेवर उघडं पडलं. गुरुजींनी दुसरं नाव मोठं केलं. तेही फुटलं. एका अंगठ्याचा ठसा मोठा केला, तर निळा डाग.

"मोठे फोटो आहेत ना, ताई? तुम्ही इथे बसून काढले होते ते?"

खोटं बोलायला एक क्षण मिळतो, तो मला मिळाला होता. मी म्हणाले, "नाहीत, गुरुजी. मी पुसले. पान भराभर उलटावं म्हणून हे लहान केले आणि मोठे पुसले."

अनघा काहीतरी बोलणार होती, त्यांनी तिला नजरेने थांबवलं.  त्यांना ऐंशीवं लागलं होतं. बागलाणातल्या शेकडो घराण्यांचा पूर्वजांशी असलेला शेवटचा धागा माझ्या हातून विरला होता, आणि त्यांनी माझ्यावर विसंबून मूळ वही स्वतःच्या हातांनी नदीला दिली होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उद्यापासून तीन वाजता या," ते म्हणाले. "लिहायला या. मला आठवतंय तोवर बसू."

मी पावणेदोन महिने रोज तीन ते पाच जात होते. पंचवटीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या बैठकीत आम्ही बसायचो. ते धूसर पान समोर धरायचे आणि म्हणायचे, "हं, हे ठेंगोड्याचे. तिघे भाऊ आले होते, धाकटा लंगडत होता. लिहा." मी लिहायची. "ही तिरकी ओळ. हा माणूस डावखुरा. वडील सांगायचे, त्याची शाई सांडली म्हणून खालचं नाव अर्धं आहे." अक्षर मला दिसत नसे, त्यांनाही दिसत नसे. ओळीचा कल, डागाची जागा, एवढ्यावरून ते माणूस ओळखत. काही नोंदी त्यांच्या जन्माआधीच्या, वडिलांनी दाखवल्या तेव्हा पाठ झालेल्या. मी आयुष्यभर मशीनच्या स्मरणशक्तीची जाहिरात करत आले, आणि इथे एक माणूस चहाचा कप हातात धरून ती सगळी गावं चालत जात होता. मी लिहिता लिहिता थांबायची तर म्हणायचे, "काय झालं?" मी पुन्हा लिहायला लागायची.

अठरा नावं त्यांना सांगता आली नाहीत. मी एका ठिकाणी सुचवलं, हे बहुतेक 'सखाराम' असावं. ते म्हणाले, "'असावं'वर वही चालत नाही, ताई. लिहा, वाचता आलं नाही." अठरा वेळा मी तेच लिहिलं. त्या अठरा जणांना मी आजही देणं लागते.

आणि अंगठे. त्यावर ते फक्त एकदा बोलले. "नावं पाठ असतात. अंगठे मला पाठ नाहीत."

महेशने प्रत्येक धूसर पानाखाली आमची नवी ओळ जोडली. गुरुजींनी ती सगळी स्वतःच्या अक्षरात एका नव्या कोऱ्या वहीतही उतरवली. या वेळी नदीला काही दिलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक दिवस मी काही कामासाठी त्यांच्याकडे गेले होते. सटाण्याकडच्या, म्हणजे बागलाणातल्याच, एक बाई आल्या होत्या, शाळेत शिक्षिका, वडिलांच्या अस्थी घेऊन. विधी आटोपला होता. गुरुजींनी गाव, आडनाव विचारलं आणि टॅब्लेट मांडीवर घेतली. चार-पाच पानं सरकवली.

"हे तुमचे आजोबा, उखा. आणि ही आजी. भिकाबाई कोम उखा, म्हणजे उखाची बायको. सही येत नव्हती, अंगठा केलाय. तुमचे वडील तेव्हा कडेवर होते, तसं लिहिलंय माझ्या वडिलांनी."

बाई पुढे झुकल्या. "हाऊ मनी आजीना अंगठा शे?" त्या अहिराणीत स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग भानावर येऊन आमच्या भाषेत, "मी आजीला पाहिलं नाही हो. फोटोसुद्धा नाही तिचा. घरात तिचं काहीच नाही." त्यांचा हात पुढे आला आणि मधेच, काचेच्या जरा वर, थांबला. लहानपणापासून प्रत्येकाला माहीत असतं, जुन्या पोथीला हात लावायचा नसतो. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

ज्या माणसाने सारा जन्म "हात लावू नका" म्हणण्यात घालवला तो म्हणाला, "लावा. लावा हात. याला काही होत नाही."

बाईंनी आपला अंगठा त्या निळ्या डागावर ठेवला. बरोबर बसला. मी खाली मान घातली, कारण त्या डागात रेषा नव्हत्या, आणि त्या कुणी घालवल्या ते त्या खोलीत बाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बराच वेळ तशाच बसल्या. 

मग त्यांनी अंगठा उचलला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. काचेवर, आजीच्या त्या पुसट डागावर, नातीच्या अंगठ्याच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या, भोवऱ्यासारख्या, एकेक मोजता येईल अशा.

प्रत्येक यजमान गेला की गुरुजी उपरण्याच्या टोकाने काच पुसत. बाई गेल्यावर त्यांनी सवयीने उपरणं उचललं, काचेकडे पाहिलं, आणि ते परत खांद्यावर टाकलं.